चित्रातला बुडणारा

बंदर कचेरीच्या पहिल्या मजल्यावर, खिडक्यांसमोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. आठ फूट रुंद, पाच फूट उंच. हिरवी-काळी लाट, तिच्यावर उलटलेली होडी, आणि मधोमध दोन माणसं. एकाच्या कमरेला दोर. पाठ दरवाजाएवढी, दंड भरलेले, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा की हा माणूस समुद्रात नसून जेवण झाल्यावर ओट्यावर टेकलाय. दुसरा त्याच्या गळ्यात पडलेला. तोंड वासलेलं, डोळे पांढरे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

खोलीत येणारा पाहुणा आधी चित्राकडे बघायचा, मग दाराशी स्टुलावर बसलेल्या शिपायाकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"अरेच्चा! हे तुम्हीच की."

"मीच," शिपाई म्हणायचा. "पण उलट."

पाहुण्याला काही कळायचं नाही. तो हसायचा आणि पुढच्या खोलीत जायचा. मागे शिपाई उरलेली हकीकत सांगायला तोंड उघडून बसलेला असायचा, चित्रातल्यासारखाच.

बंदरावर त्याला गटांगळे म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हे. पण नव्या लोकांना ते आडनावच वाटायचं, आणि दोनदा तर पगाराच्या यादीतही तसंच लागलं होतं. हमालांपैकी कुणीतरी ते पहिल्यांदा म्हटलं आणि चिकटलं. "गटांगळेकाका, साहेब आलेत का?" इतक्या सहज, की विचारणाऱ्याला त्यात थट्टा आहे हेही माहीत नसायचं.

खरी हकीकत एकतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि मोठ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या बोटीवर दोर टाकायचं काम करायचा. अंगाने काडी, पण पाण्यात मासा. एका दुपारी बंदराच्या तोंडाशी, जिथे वाळूचा दांडा आहे, तिथे एक मासेमारीची होडी उलटली. होडीवर दोघं होते. मालक पोहत किनाऱ्याला लागला. दुसरा एकोणीस वर्षांचा, तो होडीच्या बुडाला चिकटून ओरडत राहिला. बोट जवळ नेता येईना, कारण दांड्यावर पाणी कमी. मग याने कमरेला दोर बांधला आणि उडी टाकली. चाळीस-पन्नास हात पोहला. पोहोचेपर्यंत पोरगा सुटला होता. याने खाली बुडी मारली, हाताला केस लागले, केस धरूनच वर काढला. पोरग्याने भीतीने याच्या गळ्याला मिठी मारली, पाय धरला, आईच्या नावाने टाहो फोडला. याने त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली, तेव्हा तो शांत झाला. बोटीवरच्या दोघांनी दोर ओढला. बस्स. सगळं मिळून पंचवीस मिनिटं.

बंदराच्या नोंदवहीत त्या दिवसाची ओळ आहे: 'होडी उलटली. एक इसम बुडताना वाचवला. वाचवणारे: बोटीचे कर्मचारी व इतर.' त्या वेळच्या कारकुनाला प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'व इतर' लिहायची खोड होती. एकदा कुणाचं तरी नाव राहिलं म्हणून त्याची खरडपट्टी निघाली होती. तेव्हापासून त्याने कुणाचंच नाव लिहायचं नाही असा कानाला खडा लावला.

वाचलेल्या पोराची आई चार महिन्यांनी याच्या घरी आली आणि म्हणाली, "तुम्ही माझा मुलगा परत दिलात. माझ्याकडे द्यायला एक मुलगी आहे." मुलगी बावीसची. तिचं एका शाळामास्तराशी जवळजवळ ठरलेलं होतं. ते मोडलं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही आपणहून काही सांगितलं नाही. असा हा वाचवलेला पोरगा त्याचा मेहुणा झाला.

तीन वर्षांनी बंदराच्या वर्धापनासाठी चित्र काढायचं ठरलं. काम मिळालं होड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरला. माणूस हाताचा चांगला, पण त्याची एक अट असायची: जे डोळ्यांसमोर नाही ते तो काढत नसे. लाटेसाठी त्याने चार बाकांवर ओली ताडपत्री पसरली. बुडणाऱ्यासाठी जस्ताचा टब आणला, त्यात पाणी भरलं आणि मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याने टबात एक पाय घातला. पोटरीपर्यंत पाणी आलं आणि त्याला अशी थरथर सुटली की तो चपला तिथेच टाकून रस्त्यावर पळाला.

दोर टाकणारा पोट धरून हसला. मग म्हणाला, "जाऊ दे त्याला. माझं आधी काढ. वाचवणारा मीच."

"शर्ट काढ," पेंटर म्हणाला.

त्याने शर्ट काढला. पेंटर त्याच्याभोवती एक फेरी मारून आला.

"अरे, तू कुणाला वाचवणार? तुलाच कुणीतरी उचलून न्यायला पाहिजे. हे असं काढलं तर लोक म्हणतील, दोघंही गेले बिचारे."

"पण मीच होतो."

"होतास ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण दिसायला नको का? वाचवणारा मी बघून ठेवलाय. बर्फाच्या कारखान्यातला तो लाद्या उचलणारा. त्याची पाठ बघितलीस? आणि बुडणारा म्हणून तू काय आहेस, बाबा! गालफडं बसलेली, डोळे बाहेर. तुला घडवलाच बुडायला."

"लोक काय म्हणतील?"

"कोण वाचलं, कोणी वाचवलं, सगळ्या बंदराला पाठ आहे. चित्राखाली नावं थोडीच लिहायचीत?"

याला चित्रात यायचं होतं. आठ फुटांचं चित्र, मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर लागणार, आणि त्यात आपण नाही, हे त्याला सहन होईना. तो टबात बसला. अकरा दिवस, रोज चार तास. "तोंड उघड. आणखी. दात दिसू देत. आता मरतोयस असं बघ." शेजारी उंच खोक्यावर बर्फवाला कमरेला दोर बांधून उभा, आणि हा त्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळलेला. बर्फवाला भला माणूस होता. मधेच विचारायचा, "थंडी वाजतेय का हो तुम्हाला?"

पहिली काही वर्षं बंदरावर हा एक विनोद होता. मग जुनी माणसं निवृत्त झाली, नवी आली. नव्यांनी चित्र बघितलं आणि बर्फवाल्याला सलाम ठोकायला सुरुवात केली. तो बिचारा कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत सांगायचा, "अहो, मी नाही. मी नुसता उभा राहिलो होतो." लोक एकमेकांकडे बघायचे. केवढा मोठेपणा! जितकं तो नाही म्हणाला तितका मोठा झाला. गेल्या वर्षी तो वारला तेव्हा बंदर अर्धा दिवस बंद होतं, आणि भाषणं करणाऱ्या चौघांपैकी तिघांनी त्याच्या विनयाचे दाखले दिले. चौथ्याला रडू आलं.

दोर टाकणाऱ्याचा गुडघा चाळिशीत निकामी झाला. कचेरीने त्याला शिपाई करून स्टुलावर बसवलं, नेमकं चित्राशेजारच्या दाराशी. दर सोमवारी शिडी लावून त्यावरची धूळ तो पुसायचा. आधी लाट, मग होडी, मग बर्फवाल्याची पाठ. स्वतःचं तोंड शेवटी.

बाहेर त्याचं कुणी ऐकत नसे. ऐकणारा एकच होता, कारण त्याला उठून जाता येत नव्हतं.

मेहुण्याने समुद्र सोडला होता. तो धक्क्यावर काट्याशी उभा राहून माशांच्या टोपल्यांचं वजन करायचा, आणि दर रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला यायचा. तिथे गटांगळे वाट बघत असायचा.

"घे की भाजी. लाजतोस कसला? पाणी पोटभर प्यायलास तेव्हा लाजला नाहीस."

"घेतो, भाऊजी."

"केस विरळ झाले रे तुझे. आता बुडलास तर काय धरायचं मी?"

बहीण म्हणायची, "पुरे हो."

"पुरे कसलं? आज हा इथे बसून चावतोय तो कुणामुळे? काय रे? कुणामुळे?"

"तुमच्यामुळे, भाऊजी."

हे उत्तर मिळाल्याशिवाय जेवण पुढे सरकत नसे. मेहुण्याच्या लग्नात त्याने माइक मागून घेतला होता आणि नवरीकडच्या दोनशे माणसांना सांगितलं होतं की नवरदेव पाण्यात आईच्या नावाने कसा रडला आणि टबातल्या पाण्याला भिऊन कसा पळाला. नवरीचा बाप हसला. नवरी हसली नाही. मेहुणा मान खाली घालून हातातलं फूल कुसकरत राहिला. पुढे त्याला मुलगा झाला, मुलगा मोठा झाला, आणि हीच गोष्ट त्या मुलालाही भाऊजींनी बापासमोर, आवाज काढून, ओरडण्याची नक्कल करून सांगितली. एकतीस वर्षांत मेहुण्याने एकदाही उलट शब्द काढला नाही. ताईचं घर आहे, असं तो बायकोला सांगायचा.

यंदा कचेरी नव्या इमारतीत जायची होती. चित्रही जाणार होतं, आणि या वेळी त्याच्याखाली पितळी पाटी बसवायची होती: वाचवणारा अमुक, वाचलेला तमुक. हे काम व्यवस्थापक मॅडमकडे होतं. बाई तरुण, हुशार आणि नियमाला धरून. त्यांनी नोंदवही काढली, 'व इतर' वाचलं आणि नोटीस लावली की ज्यांना घटनेची माहिती आहे त्यांनी शुक्रवारी अकरा वाजता यावं.

गटांगळे नोटिशीपुढे बराच वेळ उभा राहिला. दोन वर्षांत तो निवृत्त होणार होता. पितळेवर एकदा नाव कोरलं गेलं की कोण काय म्हणतं याला अर्थ उरणार नव्हता. एकच अडचण होती. बोटीवरचे दोघंही आता नव्हते. एक वारला होता, दुसरा परदेशात मुलीकडे गेला तो गेलाच. होडीचा मालकही वारला होता. बघणारं माणूस एकच उरलं होतं.

गुरुवारी तो काट्यावर गेला. मेहुणा टोपली उचलत होता.

"उद्या अकराला ये. धुतलेला शर्ट घाल, माशांचा वास नको. आणि सगळं सांग. केस धरले ते, रडलास ते, थोबाडीत दिली तेसुद्धा. काही गाळू नकोस."

"सगळं सांगू?"

"मग काय अर्धं? मॅडमना नीट कळलं पाहिजे, कुणी काय केलं."

मेहुण्याने टोपली काट्यावर ठेवली, वजन बघितलं, फळ्यावर खडूने आकडा लिहिला. "येतो, भाऊजी," तो म्हणाला.

घरी बायकोने विचारलं, "त्याला नीट विचारलंत ना?"

"विचारायचं काय त्यात?"

"या वेळी त्याच्याशी जरा गोडीने बोलायचं होतं."

"त्याच्याशी? तो श्वास घेतोय तो माझा घेतोय."

बायकोने त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला. कॉलर, बाह्या, पाठ.

शुक्रवारी मॅडमच्या टेबलापुढे तीन खुर्च्या होत्या; तिसरीवर बायको बसली होती. गटांगळेने आपली हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती इतक्यांदा सांगून झाली होती की तिला धार राहिली नव्हती. पाढे म्हटल्यासारखी ती सरळ बाहेर पडली. मॅडमनी लिहून घेतली. मग त्या मेहुण्याकडे वळल्या.

"तुम्ही सांगा. तुम्हाला पाण्यातून कुणी काढलं?"

मेहुण्याने धुतलेला शर्ट घातला होता. वरचं बटणही लावलेलं होतं.

"भाऊजींनी उडी मारली, हे खरं आहे," तो म्हणाला. "दोर बांधून मारली. माझ्यापर्यंत आले, माझे केसही धरले. मी रडत होतो, आईला हाका मारत होतो. भाऊजींनी थोबाडीत मारली."

गटांगळे मान डोलवत होता.

"पण नंतर भाऊजीच पाणी प्यायला लागले. आम्ही दोघंही खाली चाललो होतो. तेव्हा तिसरं माणूस आलं. तोंड नाही दिसलं मला. पाठ दिसली. मोठी पाठ." त्याने दाराबाहेरच्या चित्राकडे बोट केलं. "तशी."

गटांगळे उठला. "खोटं! साफ खोटं! बर्फवाला त्या दिवशी धक्क्यावर होता, लाद्या उतरवत होता. अरे, तो स्वतः सांगायचा मी नव्हतो म्हणून!"

"ते मी ऐकलंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "सगळेच सांगतात. फार मोठा माणूस होता." त्यांनी नोंदवहीवर बोट ठेवलं. "आणि इथे 'व इतर' आहे, बघा. म्हणजे कर्मचारी सोडून आणखी कुणीतरी होतं."

"ती त्या कारकुनाची खोड होती!"

"असेल. पण मला लिहिलेलं धरावं लागतं." त्या तिसऱ्या खुर्चीकडे वळल्या. "तुम्ही दोघांच्याही जवळच्या. तुम्हाला काय माहीत आहे?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. मांडीवरची पिशवी तिने सरळ केली.

"मी तिथे नव्हते. मला घरी येऊन जे सांगितलं, तेवढंच मी ऐकलं. आणि मग माझं लग्न झालं."

मॅडमनी तेही लिहून घेतलं आणि दहा मिनिटांसाठी आत साहेबांकडे गेल्या.

व्हरांड्यात गटांगळेने मेहुण्याची कॉलर धरली. वरचं बटण तुटून खाली पडलं.

"का? का रे?"

"सोडा, भाऊजी. लोक बघतायत."

"मी तुला वर काढला!"

"काढलात की. मी कधी नाही म्हटलं?" मेहुणा वाकला, बटण शोधून खिशात टाकलं. "माझ्या मुलासमोर ओरडून दाखवलंत, आठवतंय? तो सात वर्षांचा होता. पुढे कितीतरी दिवस शाळेतून आला की मला तसंच ओरडून दाखवायचा. त्याला वाटायचं, मला मजा येते."

"थट्टा होती ती!"

"हो. हसलो की मी पण."

"मग आता जाऊन खरं सांग. अजून वेळ आहे. तुझ्या पाया पडू का? पडू?"

मेहुण्याने थोडा वेळ खरोखर विचार केल्यासारखं केलं. "पडा," तो म्हणाला.

गटांगळेने इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्याच्या टोकाला दोन हमाल पेट्या लावत होते. बायको भिंतीशी उभी होती. दुखरा गुडघा वाकवायला त्याला वेळ लागला. भिंतीचा आधार घेत तो खाली बसला आणि मेहुण्याच्या चपलांना हात लावला.

"बघितलंस ताई?" मेहुणा म्हणाला. "खरं बोलणारा माणूस असा पाया पडतो का?"

आणि तो जिना उतरून कामावर गेला. बारा वाजता होड्या यायच्या होत्या.

बायकोने हात पुढे केला नाही. हमालांतला एकजण धावत आला, त्यानेच काखेत हात घालून उठवलं. "जपून हो, गटांगळेकाका."

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे टाइप केलेला कागद होता. त्यांनी त्याला बसवलं, पाणी मागवलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"हे बघा काका, साहेबांचं म्हणणं असं. वाद असेल तर पाटी बसवता येत नाही. आणि पाटीशिवाय चित्र नव्या इमारतीत लावायचं नाही असा ठराव आहे. मग हे गोदामात जाईल. तिथल्या भिंतीसाठी दीपगृहाचं एक चित्र आहे तयार, ते लागेल."

"आणि वाद नसेल तर?"

"तर वाचवणारा म्हणून बर्फवाल्यांचं नाव, आणि वाचलेला म्हणून तुमचं. चेहरा तुमचाच आहे, त्यात कुणाचंच दुमत नाही. तुमच्या मेहुण्यांनी सांगितलंय, त्यांचं नाव नको. उद्घाटनाला बर्फवाल्यांच्या मुलाच्या हातात फुलं तुम्ही द्याल. वाचलेल्या माणसाने दिली की बरं दिसतं."

"मी वाचवला त्याला," गटांगळे म्हणाला. आवाज फार लहान निघाला.

"हो, उडी तुम्ही मारलीत, ते आम्ही मान्य केलंय. भाषणात उल्लेख करू."

उघड्या दारातून चित्र दिसत होतं. कुणीतरी पेट्या नेताना खिडकी उघडी टाकली होती आणि उन्हाचा एक पट्टा बरोबर लाटेवर पडला होता. आठ फूट रुंद, पाच फूट उंच. गोदामात ते कुठे ठेवतील हे त्याला माहीत होतं. शेवटच्या कप्प्यात, भिंतीकडे तोंड करून. तिथल्या ओलीने वर्षभरात रंगाला फोड येतात.

बायको म्हणाली, "नका करू सही. चला घरी."

एकतीस वर्षांत तिने त्याच्या बाजूने काढलेलं हे पहिलं वाक्य होतं. त्याने ते ऐकलं नाही, किंवा ऐकूनही त्याला ते ओळखू आलं नाही. तो कागदावर वाकला होता.

"नाव नीट कोराल ना?" त्याने विचारलं. "गटांगळे लिहू नका. माझं खरं आडनाव लिहा."

"अर्थात. इथे खाली स्वच्छ अक्षरात लिहा, तेच कोरतील."

त्याने 'वाचलेला' या शब्दापुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि खाली सही केली. बायको तोवर जिन्याच्या अर्ध्यावर पोहोचली होती.

मॅडमनी कागद तपासला, तारीख घातली आणि हात पुढे केला. त्याला वाटलं, अभिनंदन करायला. त्याने आपलाही हात पुढे केला.

"पेन," मॅडम म्हणाल्या. "कचेरीचं आहे."